एमआरआय ‘नॉर्मल’ असूनही मुलाची आकडी थांबत नाही, तेव्हा तिचा उगम कसा शोधतात

निपाणीजवळच्या एका गावातील वडिलांनी विचारले आहे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला चौथ्या वर्षापासून आकडी येते, बहुतेक वेळा पहाटे झोपेत. आई सांगते की आधी तोंड डावीकडे ओढले जाते, डावा हात ताठ होतो आणि कधीकधी मग सगळे अंग झटके देऊ लागते. ऑक्सकार्बाझेपिन आणि त्याच्या जोडीला लेव्हेटिरासिटॅम अशी दोन औषधे पूर्ण मात्रेत नियमित चालू आहेत, तरीही आठवड्यातून दोन-तीनदा आकडी येतेच. दोन वर्षांपूर्वी काढलेल्या एमआरआयचा अहवाल ‘नॉर्मल’ होता. आता बेळगावच्या डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय आणि पेट स्कॅन करून बेंगळुरूला दाखवायला सांगितले आहे. एकदा नॉर्मल आलेला स्कॅन पुन्हा कशाला, नेमकी जागा कोणत्या मशिनवर कळते, मुलाला यातून अपाय तर होणार नाही ना, आणि हे सगळे शेवटी ऑपरेशनकडेच चालले आहे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. आकडीचा उगम कोणतेही मशीन एकट्याने दाखवत नाही. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, पेटमध्ये मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दिसते, ईईजीमध्ये विजेच्या लहरी दिसतात. आकडी मात्र या तिघांपैकी कशातच स्वतःचे नाव सांगत नाही. डाग दिसला म्हणून आकडी तिथूनच येते असे नाही आणि डाग दिसला नाही म्हणून उगम नाही असेही नाही. आकडी दिसते कशी, ईईजी काय सांगतो आणि चित्रात काय दिसते, या तिन्ही गोष्टी मेंदूच्या एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या, तरच ती जागा उगम म्हणून धरता येते.

म्हणून पहिली गोष्ट स्कॅन नव्हे, तर आकडीचे वर्णन. डावीकडे ओढले जाणारे तोंड आणि ताठ होणारा डावा हात मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे लक्ष वेधतात. झोपेत, थोडा वेळ आणि वारंवार येणारी आकडी पुष्कळदा कपाळामागच्या, म्हणजे फ्रंटल भागातली असते. घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ इथे फार मोलाचा ठरतो. बहुतेक पालक अंग जोरात झटके देऊ लागल्यावर व्हिडिओ सुरू करतात, पण आम्हाला हवे असतात त्याआधीचे दहा-पंधरा सेकंद. मूल पहाटेच्या ठरावीक वेळी आकडी घेत असेल तर दिवा लावून, अंगावरचे पांघरूण बाजूला करून, चेहरा आणि दोन्ही हात एका चौकटीत येतील असा मोबाइल खाटेजवळ चालू ठेवावा. ओठाचा एक कोपरा आधी फडफडला की हाताचा अंगठा आधी वळला, एवढ्या बारीक फरकावरून रेडिओलॉजिस्टने मेंदूची कोणती वळी पुन्हा पाहायची ते ठरते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. शाळकरी वयात, झोपेत, तोंड एका बाजूला ओढले जाणारी आकडी हे रोलँडिक अपस्माराचेही ठळक लक्षण आहे (अपस्मार म्हणजे वारंवार आकडी येण्याचा आजार). तो सौम्य प्रकार असून वयात येईपर्यंत बहुधा आपोआप थांबतो आणि त्यासाठी ना पेट लागतो ना ऑपरेशन. झोपेतल्या ईईजीत त्याच्या लहरी ओळखता येतात. काही थोड्या मुलांत कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन या औषधांनीच त्या लहरी आणि आकडी वाढतात. तुमच्या मुलाला दोन औषधांवरही आठवड्यातून दोन-तीनदा आकडी येते, हे त्या सौम्य प्रकाराला साजेसे नाही. तरीही बेंगळुरूला जाण्यापूर्वी झोपेतला ईईजी झालेला आहे का आणि तो या दृष्टीने वाचला गेला आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तापात एकदा येऊन गेलेली साधी आकडी, काही क्षण टक लावून पाहणारी ॲबसन्स आकडी, आपल्या कर्नाटकात पुष्कळ दिसणारी आणि डोक्यावरून कढत पाणी घेतल्यावर येणारी आकडी, यांतल्या बहुतेक मुलांना उगम शोधणाऱ्या स्कॅनची गरज नसते. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत नियमित घेऊनही आकडी थांबत नसेल, तर तिला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणावे, अशी व्याख्या इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेने २०१० साली केली आहे. अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला हे येते. ही पायरी आली की तिसरे, चौथे, पाचवे औषध बदलत वर्षे घालवण्यापेक्षा उगम शोधायला सुरुवात करणे मुलाच्या हिताचे असते.

आता पुन्हा एमआरआय कशाला, ते पाहू. डोकेदुखी, पक्षाघात किंवा मार लागलेल्या रुग्णासाठी मेंदूचे चित्र साधारण पाच मिलिमीटर जाडीच्या कापांत आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सोडून घेतले जाते. तेवढे त्या कामाला पुरते. मुलांच्या हट्टी आकडीमागे मात्र अनेकदा फोकल कॉर्टिकल डिस्प्लेशिया असतो. गर्भात मेंदू घडताना त्याच्या बाहेरच्या थराचा एखादा तुकडा नीट रचला गेलेला नसतो. तो कधी एखाद्या खाचेच्या तळाशी नखाएवढ्या जागेत दडलेला असतो आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून बारीक खडा निसटावा तसा जाड कापांतून निसटतो. म्हणून २०१९ साली याच संघटनेच्या इमेजिंग गटाने अपस्मारासाठी हार्नेस नावाची स्कॅनपद्धत सुचवली. तीत टी-वन आणि फ्लेअर ही दोन त्रिमितीय चित्रे मध्ये जागा न सोडता एक-एक मिलिमीटरने घेतात आणि हिप्पोकॅम्पस या भागाला आडवे छेदणारी टी-टू चित्रे बारीक कापांत घेतात. मशीन तीन टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) असेल तर उत्तम, पण दीड टेस्लाच्या मशिनवरही ही पद्धत वापरता येते. मशिनच्या टेस्लाच्या आकड्यापेक्षा चित्र कसे काढले आणि कोणी वाचले याला मी जास्त महत्त्व देतो.

वाचणाऱ्याचे काम कसे चालते ते एकदा पाहिले की ‘नॉर्मल’ या शब्दाचे वजन कळते. संगणकावर चित्र फिरवत, उजव्या फ्रंटल भागातली एकेक खाच वरून खाली उतरत जावे लागते. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली रेष सगळीकडे धारदार असते आणि एखाद्याच खाचेच्या तळाशी ती पुसल्यासारखी होते, तिथला करडा थर किंचित जाड वाटतो आणि फ्लेअरमध्ये त्या तळापासून मेंदूतल्या पोकळीकडे निमुळती होत जाणारी एक फिकट उजळ पट्टी दिसते. ही पट्टी दिसली की डिस्प्लेशियाचे निदान जवळपास पक्के होते. ज्याला ‘आकडी, मेंदूचा एमआरआय’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी मिळाली, त्याने ही खाच ओलांडून पुढे जाणे अगदी स्वाभाविक आहे. ‘झोपेतली आकडी, डावा हात आधी ताठ, ईईजीत उजवीकडे फ्रंटल लहरी’ असे ज्याच्या चिठ्ठीवर लिहिले आहे, तो तिथे थांबतो. एमआरआयच्या विनंतीपत्रावर हे सारे लिहून घ्या. आणि घरी असलेल्या मोठ्या फिल्मवर विसंबू नका. फिल्मवर निवडक चित्रे लहान आकारात छापलेली असतात आणि ती हव्या त्या दिशेने फिरवून पाहता येत नाहीत. जुन्या आणि नव्या, दोन्ही स्कॅनच्या सर्व प्रतिमा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. नवा स्कॅन मुळीच न लागता जुन्याच प्रतिमा जाणत्या डोळ्यांनी वाचल्यावर उत्तर सापडते, असेही होते.

पुन्हा स्कॅन करण्याला वयाचेही एक कारण असते. तुमच्या मुलाला ते लागू नाही, पण वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगतो. जन्मानंतरची पहिली दोन वर्षे मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचे वेष्टन चढत असते आणि त्या काळात करड्या-पांढऱ्या भागांतला फरक चित्रात धूसर असतो. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला डिस्प्लेशिया वर्षाच्या आसपास जणू नाहीसा होतो आणि अडीच वर्षांनंतर पुन्हा दिसू लागतो. म्हणून तान्ह्या बाळाचा स्कॅन स्वच्छ आला तरी आकडी चालूच राहिली, तर दोन-अडीच वर्षांचे झाल्यावर तो पुन्हा करायला हवा.

आपल्या भागात याच्या उलट प्रकारची गफलतही होते. सीटी स्कॅनमध्ये एक पांढरा ठिपका दिसतो, ‘मेंदूत जंत’ असे सांगितले जाते आणि पुढची सगळी उपचारांची वाट त्या ठिपक्याभोवती फिरत राहते. टेनिया सोलियम या जंताची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाज्यांतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी घरातल्या मुलांनाही हा आजार होतो, आणि भारतात मुलांच्या नव्याने सुरू झालेल्या आकडीचे ते नेहमी आढळणारे कारण आहे. ताजी गाठ आणि तिच्याभोवतीची सूज असेल तर ती खरोखर दोषी असते आणि यातली बहुतेक मुले औषधांनी बरी होतात. वाळून चुना झालेला जुना ठिपका मात्र पुष्कळदा निरुपद्रवी असतो. डाव्या बाजूला असा ठिपका आणि आकडी मात्र उजवीकडून येणारी, अशी मुले आम्ही पाहतो. त्यांच्या बाबतीत वर्णन आणि ईईजी ठिपक्याशी जुळत नाहीत, हे कोणीतरी स्पष्ट म्हणावे लागते. तसेच मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना व्रण दिसला तर आम्ही जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याची चौकशी करतो, कारण नवजात बाळाची साखर फार खाली गेली की त्याच भागाला जास्त इजा होते. बाळंतपणाचे जुने कार्ड आणि नवजात विभागातले कागद अशा वेळी एखाद्या महागड्या तपासणीइतके बोलतात.

चित्र ईईजीपेक्षा वरचढ ठरते अशी उदाहरणेही आहेत. काही मुलांना कारण नसताना हसू येते, ते हसू आनंदाचे नसते आणि ते दिवसातून अनेकदा येते. यामागे मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसला चिकटलेली एक लहान गाठ असू शकते. तिचा ईईजी दिशाभूल करतो, पण एमआरआयमध्ये ती स्पष्ट दिसते. अशा मुलाला कोणी ‘लागीर झाले’ म्हणत असेल तर त्याला देवऋषाकडे नव्हे, एमआरआयकडे न्यावे.

पेट स्कॅनची पाळी येते ती एमआरआयमध्ये काही दिसत नाही, किंवा दिसते ते पटत नाही, तेव्हा. एफडीजी नावाच्या किरणोत्सारी साखरेचा अल्प अंश शिरेतून देतात. दोन आकड्यांच्या मधल्या शांत काळात उगमाचा भाग सहसा साखर कमी वापरतो आणि चित्रात निस्तेज दिसतो. तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये काम करणारे डॉक्टर हॅरी चुगानी यांनी १९९० साली दाखवले की अंगाला वारंवार हिसके येणाऱ्या, इन्फंटाइल स्पॅझम्सच्या ज्या बाळांत कारण सापडत नव्हते, त्यांपैकी काहींच्या मेंदूत पेटवर असा एक निश्चित भाग दिसतो आणि तो काढून उपचार करता येतो. ज्या आजाराला सगळे ‘संपूर्ण मेंदूचा’ म्हणत होते, त्यात एका जागेचा शोध लागला, ही मुलांच्या अपस्मारशस्त्रक्रियेतली फार मोठी घटना होती.

पेटची मर्यादाही समजून घ्या. निस्तेज दिसणारा भाग खऱ्या उगमापेक्षा बहुधा मोठा असतो, त्यामुळे त्यावरून शस्त्रक्रियेची सीमा ठरवत नाहीत. पेटचे चित्र एमआरआयवर बसवून ज्या खाचेपाशी रंग उतरला आहे तीच खाच एमआरआयमध्ये पुन्हा पाहतात, आणि आधी कोणालाही न दिसलेली पुसट रेष कधीकधी तेव्हा दिसते. आपल्याकडची बहुतेक पेट मशिने कर्करोगाच्या तपासणीत गुंतलेली असतात, म्हणून विनंतीपत्रावर ‘अपस्मारासाठी फक्त मेंदूचा पेट’ असे स्वच्छ लिहिलेले असावे. मूल चार ते सहा तास उपाशी हवे, रक्तातली साखर आधी तपासलेली हवी आणि इंजेक्शननंतरचा अर्धा-पाऊण तास ते मंद प्रकाशात, मोबाइल आणि गप्पांशिवाय शांत हवे. त्या वेळी डोक्याला ईईजीच्या तारा लावलेल्या असाव्यात. कारण त्याच अर्ध्या तासात आकडी येऊन गेली तर निस्तेज दिसायला हवा तो भाग उजळतो आणि अहवाल दुसरीकडेच बोट दाखवतो.

अपायाबद्दल तुमची काळजी रास्त आहे. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग मुळीच नसतो. पेटमध्ये असतो, पण थोडा. त्यातल्या फ्लोरिन-१८ चे प्रमाण दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी शरीरात त्याचे नाव राहत नाही. त्या दिवशी मुलाला भरपूर पाणी पाजावे आणि घरात कोणी गरोदर असेल तर काही तास तिने मुलाला मांडीवर घेऊ नये. माझ्या मते खरी जपण्याची गोष्ट आहे ती एमआरआयसाठी दिले जाणारे झोपेचे औषध. सर्दी-खोकला असेल तर स्कॅन पुढे ढकला, उपाशी राहण्याची वेळ काटेकोर पाळा, आणि सकाळची आकडीची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा. घरच्या घरी ठरवून गोळी चुकवू नका. आठ वर्षांचे समजूतदार मूल असेल तर मशिनचा आवाज आधी ऐकवून, आई किंवा वडील शेजारी उभे राहून, कधीकधी औषधाशिवायही स्कॅन पार पडतो.

एवढ्याने जागा ठरली नाही तर बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या, मेंदूच्या आजारांवर उपचार करणाऱ्या संस्थेत पुढच्या तपासण्या होतात. मुलाला व्हिडिओ ईईजीखाली दाखल करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध कमी करतात आणि आकडी येण्याची वाट पाहतात. स्पेक्ट या, आकडीच्या वेळचा रक्ताचा ओघ दाखवणाऱ्या तपासणीत परिचारिका भरलेली सिरिंज घेऊन खाटेजवळ बसून असते आणि आकडी सुरू होताच काही सेकंदांत औषध शिरेत सोडते. त्या क्षणी मेंदूत जिथे रक्ताचा ओघ वाढलेला असतो तिथे ते औषध अडकून राहते, म्हणून प्रत्यक्ष चित्र नंतर काही तासांत घेतले तरी चालते. तेच इंजेक्शन अर्ध्या मिनिटाने उशिरा गेले तर उगमाऐवजी आकडी पसरलेली जागा दिसू शकते, आणि थोडक्यात आटोपणाऱ्या आकडीत ही भीती जास्त असते. एमईजी ही मेंदूच्या चुंबकीय लहरी टिपणारी तपासणीही निम्हान्समध्ये आहे. तरीही शंका राहिली तर कवटीला बारीक छिद्रे पाडून मेंदूत तारा बसवतात, पण त्या नेमक्या कुठे बसवायच्या हे वरच्या सगळ्या तपासण्यांवरूनच ठरवावे लागते. त्याशिवाय मेंदूत अंदाजाने शोध घेता येत नाही.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शस्त्रक्रियेपूर्वी भाषेची, स्मरणशक्तीची आणि हाताच्या हालचालीची केंद्रे फंक्शनल एमआरआयमध्ये पाहतात. मुलाला शब्द आठवायला, चित्राचे नाव मनात म्हणायला, गोष्ट ऐकायला सांगतात. घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, अशा मुलाची ही चाचणी आणि मानसशास्त्रीय चाचण्या कोणत्या भाषेत होणार हे आधी विचारा, आणि मूल विचार मराठीत करते हे पहिल्याच भेटीत सांगा. नीट न कळणाऱ्या भाषेतल्या चाचणीत मुलाचे गुण कमी आले तर ते मेंदूच्या दोषाच्या खात्यावर जमा होतात आणि त्यावरून चुकीचे निष्कर्ष निघतात.

ऑपरेशनच्या प्रश्नाला ठाम उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही, पण या तपासण्या त्याच शक्यतेसाठी आहेत हे लपवण्यात अर्थ नाही. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासात औषधांना न जुमानणारा अपस्मार असलेली, १८ वर्षांपर्यंतची ११६ मुले होती. ५७ मुलांवर शस्त्रक्रिया झाली आणि ५९ मुले औषधांवर राहून शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार एका वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले आकडीमुक्त होती आणि दुसऱ्या गटातली ७ टक्के. त्याच वेळी शस्त्रक्रिया झालेल्या १९ मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले आणि त्यांपैकी १५ जणांना शरीराच्या एका बाजूला अशक्तपणा आला. काही शस्त्रक्रियांमध्ये तो आधीच अपेक्षित असतो आणि पालकांना तसे सांगितलेले असते. हे दोन्ही आकडे एकत्र डोळ्यांपुढे ठेवूनच निर्णय घ्यावा. एमआरआयमध्ये निश्चित दोष दिसणाऱ्यांत आकडीमुक्तीची शक्यता न दिसणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून तो एक नीट काढलेला एमआरआय इतक्या मोलाचा. उगम हात हलवणाऱ्या केंद्रात असेल किंवा दोन्ही बाजूंना असेल तर उत्तर ‘नको’ असेही येते. असे उत्तर मिळाले तर तपासण्या वाया गेल्या असे मानू नका, कारण मग किटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थांचा) किंवा मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला हलके विद्युत्संदेश देणारे उपकरण यांचा विचार वेळेत सुरू होतो.

खर्चासाठी आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचे कार्ड आणि स्थानिक सरकारी रुग्णालयाचे संदर्भपत्र बरोबर ठेवा. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे. तुमचे गाव त्या यादीत आहे का, आणि कोल्हापूर-मिरजेकडे जायचे ठरले तर नेमकी ही तपासणी त्यात बसते का, ते निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

प्रवासाबद्दल शेवटचे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर जाताना झोप मोडते आणि तुमच्या मुलाची आकडी पहाटेची आहे, म्हणून त्याला खालचा बर्थ मिळेल असे पाहा आणि पहाटे चारनंतर दोघांपैकी एकाने जागे राहा. नाकात मारायचा, आकडी थांबवणारा मिडाझोलमचा स्प्रे डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. आकडी आली तर कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर स्प्रे मारा, तिकीट तपासनिसाला कळवा आणि पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर मागवा.